जुन्या थकबाकीची नोटीस आली? सही करण्याआधी तारीख मोजा

दहा वर्षांपूर्वीचं क्रेडिट कार्ड, नोकरी गेल्यावर अर्धवट राहिलेलं पर्सनल लोन, शहर सोडताना न भरलेलं पोस्टपेड मोबाइलचं शेवटचं बिल. असली प्रकरणं मिटली असं आपण धरून चालतो आणि एक दिवस वसुलीवाल्याचा फोन येतो. रक्कम आठवणीतल्या आकड्याच्या तिप्पट-चौपट असते आणि बोलणारा मूळ बँकेचा नसून भलत्याच कंपनीचा असतो. बँका थकीत कर्जं गठ्ठ्याने मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात किंवा वसुली एजन्सीकडे सोपवतात. एजन्सी बदलली की तीच जुनी यादी पुन्हा पहिल्यापासून फिरते.

अशा वेळी काही जण घाबरून थोडे पैसे भरतात आणि समोर येईल त्या कागदावर सही करतात. काही जण नंबर ब्लॉक करतात आणि कोर्टाचा बेलिफ आला तरी दार उघडत नाहीत. दोन्ही महागात पडतं. या लेखात प्रामुख्याने विनातारण कर्जाचा विचार केला आहे. तारण आणि सहकारी संस्था यांचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतीलच.

कायद्याने काय संपतं, काय शिल्लक राहतं

मुदत कायदा, १९६३ नुसार साध्या पैशाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ही मुदत उलटल्यावर दावा आला, तर कलम ३ प्रमाणे न्यायालयाने तो फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढलेला असो वा नसो. 'उशीर माफ करा' असा अर्ज कलम ५ खाली अपिलासाठी चालतो, मूळ दाव्यासाठी चालत नाही.

पण कर्ज स्वतः मरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: मुदतीने दाव्याचा मार्ग बंद होतो, देणं नाहीसं होत नाही. म्हणून मुदतबाह्य कर्जासाठी बँकेने सभ्यपणे पत्र पाठवणं किंवा फोन करणं बेकायदा नाही. तुम्ही आपखुशीने पैसे दिलेत, तर 'मुदत संपली होती, परत द्या' असंही म्हणता येत नाही. वसुलीवाल्यांचा सगळा धंदा या फटीत चालतो. कोर्टातून मिळणार नाही ते तुमच्या सहीतून मिळवायचं, हा त्यांचा हिशेब असतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'राइट-ऑफ' म्हणजे माफी नव्हे. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम उतरवली, एवढाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क त्यामुळे जात नाही. तसंच कर्ज दुसऱ्या कंपनीला विकल्याने मुदत नव्याने सुरूही होत नाही. विकत घेणाऱ्याला मूळ बँकेइतकाच हक्क मिळतो, त्याहून जास्त नाही.

पहिलं काम: तारीख काढा

फोनवर वाद घालण्याआधी घरातले कागद, जुनी बँक पासबुकं, ईमेल धुंडाळा. चार तारखा हव्यात: शेवटचा भरणा कधी केला, पहिला हप्ता कधी चुकला, बँकेने संपूर्ण कर्ज एकरकमी मागणारं पत्र कधी पाठवलं, आणि थकल्यानंतर तुम्ही कशावर सही केलीत का.

कागद नसतील तर क्रेडिट रिपोर्ट काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. त्यात शेवटच्या भरण्याची तारीख सहसा दिसते.

मोजताना स्वतःच्या सोयीची तारीख धरू नका, बँकेला सर्वांत सोयीची धरा. हप्त्याच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी धावते असा युक्तिवाद होऊ शकतो. त्यामुळे कर्ज मध्येच एकरकमी मागितलं गेलं नसेल, तर शेवटचा हप्ता ज्या महिन्यात पडणार होता तिथून तीन वर्षं मोजा. त्या कडक मोजणीतही मुदत संपलेली निघाली, तर तुमची बाजू भक्कम.

मोजणीत दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली कोविडची. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. समजा, कर्जाची मुदत १० जून २०१८ पासून सुरू झाली. साध्या हिशेबाने ती १० जून २०२१ ला संपायला हवी. पण १५ मार्च २०२० ला जेवढे दिवस शिल्लक होते, ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजायचे, म्हणजे दावा मे २०२३ च्या अखेरपर्यंत लावता आला असता. ज्यांची मुदत त्या वगळलेल्या काळात संपत होती, त्यांच्या बाबतीत १ मार्च २०२२ पासून निदान ९० दिवस तरी मिळाले.

दुसरी गोष्ट परदेशी गेलेल्यांची. कलम १५(५) प्रमाणे प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पुण्यात कार्ड थकवून २०१५ मध्ये दुबईला गेलेला माणूस २०२५ मध्ये कायमचा परत आला, तर 'दहा वर्षं झाली, संपलं' असं त्याने समजू नये. त्याचं घड्याळ बऱ्याच अंशी थांबलेलं असू शकतं. परदेशातल्या मराठी मंडळींत ही बाब फारशी कुणाला ठाऊक नसते.

घड्याळ पुन्हा कशाने सुरू होतं

इंटरनेटवर या विषयावर जे सापडतं त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या कायद्यावर बेतलेलं असतं, त्यामुळे 'एक रुपया जरी भरला तरी सगळं नव्याने सुरू' असा समज पसरला आहे. आपला कायदा थोडा वेगळा आहे, आणि फरक मुदत संपण्याआधी आणि संपल्यानंतर असा आहे.

मुदत संपण्याआधी: कलम १८ प्रमाणे तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिलीत, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. कबुलीत रक्कम लिहिलेली असायलाच हवी असं नाही. 'कर्ज आहे, पण मी आत्ता देणार नाही' असा ठणकावून लिहिलेला नकारही कबुली ठरू शकतो, कारण त्यात कर्ज मान्य केलेलं असतं. कलम १९ प्रमाणे चेकने किंवा सहीच्या पावतीने केलेला अंशतः भरणाही मुदत वाढवतो.

मुदत संपल्यानंतर: नुसती कबुली किंवा नुसता भरणा संपलेली मुदत जिवंत करत नाही. पण करार कायदा, १८७२ चं कलम २५(३) इथे उभं राहतं. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं आश्वासन हा स्वतंत्र, वैध करार होतो आणि त्यावर नवा दावा लावता येतो. 'सेटलमेंट अर्ज', 'पुनर्रचना विनंती', 'हप्ते बांधून द्यावेत असा अर्ज' अशा निरुपद्रवी नावांच्या छापील फॉर्ममध्ये नेमकं हेच वाक्य असतं. एजंट घरी येऊन म्हणतो, 'काका, नुसती पोच द्या, मी आलो होतो एवढंच.' तो कागद वरपासून खालपर्यंत वाचा. पोच द्यायचीच असेल, तर 'पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही' असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा. त्याहून बरं म्हणजे सहीच करू नका. कोर्टाचा माणूस नसलेल्या कुणाला पोच देण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

जुन्या कर्जापोटी नवा चेक तर बिलकूल देऊ नये. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फौजदारी तक्रार मागे लागते आणि 'कर्जच मुदतबाह्य होतं' हा बचाव टिकेलच याची खात्री देता येत नाही. अशा चेककडे २५(३) खालचं आश्वासन म्हणून पाहता येतं, असा युक्तिवाद न्यायालयांनी विचारात घेतला आहे.

ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही तेच पथ्य पाळा. फोनवरचं तोंडी बोलणं कलम १८ मध्ये बसत नाही, लिहिलेला मेसेज मात्र पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. 'पुढच्या महिन्यात बघतो सर' हे टाइप करण्याआधी थांबा.

लेखी उत्तर कसं द्यायचं

फोनवर एवढंच बोला: 'तुमचं नाव, कंपनी आणि अधिकारपत्र पाठवा. जे काय असेल ते लेखी कळवा.' पुढची चर्चा नको. त्यांचं पत्र किंवा नोटीस आली की रजिस्टर्ड एडी किंवा स्पीड पोस्टने उत्तर द्या. मजकूर साधारण असा ठेवा:

'आपले दि. … चे पत्र मिळाले. आपण नमूद केलेली रक्कम किंवा कोणतेही देणे मला मान्य नाही आणि या पत्रातील कोणताही मजकूर कबुली वा आश्वासन समजू नये. आपण पुढील कागद पाठवावेत: मूळ करार, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, शेवटच्या भरण्याची तारीख, व्याज व दंडाचा तपशील, आणि कर्ज आपल्याकडे हस्तांतरित झाल्याचा दस्त. आपला कथित दावा मुदत कायद्यानुसार मुदतबाह्य असल्याने माझे सर्व बचाव राखून ठेवत आहे. यापुढील संपर्क फक्त लेखी करावा.'

मुदत संपली आहे याची खात्री नसेल, तर त्यातलं मुदतीचं वाक्य गाळा, पण 'मान्य नाही' मात्र ठेवाच. 'नोकरी गेल्यामुळे हप्ते थकले' असली कैफियत मांडण्याचा मोह आवरा. सहानुभूती मिळत नाही, कबुली मात्र होऊन बसते.

त्याच बँकेत तुमचं दुसरं चालू कर्ज असेल, तर आणखी एक काळजी घ्या. पैसे भरताना कोणत्या खात्यासाठी ते सांगितलं नाही, तर करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे बँक ती रक्कम मुदतबाह्य कर्जाकडेही वळवू शकते. प्रत्येक भरण्यावर खाते क्रमांक लिहा.

तीन वर्षांचा नियम कुठे लागू पडत नाही

महाराष्ट्रात पहिला अपवाद पतसंस्था, विकास सोसायट्या आणि राज्याच्या सहकार कायद्याखालच्या सहकारी बँकांचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९२ नुसार सभासदाकडून येणं असलेल्या रकमेच्या वादाची मुदत थकबाकीच्या तारखेपासून मोजली जात नाही. ती सभासद मरण पावल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून मोजली जाते. म्हणजे शंभर रुपयांचा शेअर अजून तुमच्या नावावर असेल, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या पतसंस्थेच्या कर्जासाठीही सहकार न्यायालयात वाद दाखल होऊ शकतो. शिवाय कलम १०१ खाली वसुली दाखला आणि कलम १५६ खाली जप्ती हा वेगळा रस्ता संस्थेकडे असतोच. गावोगावी जामीनदार म्हणून सह्या केलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं, कारण जामीनदारही बहुधा सभासदच असतो. कलम १०१ च्या अर्जाची नोटीस आली तर निबंधकांपुढे हजर राहा आणि लेखी म्हणणं द्या. दाखला निघाल्यावर धावपळ करून हाती फारसं लागत नाही.

दुसरा अपवाद तारणाचा. घर गहाण असेल तर गहाणाच्या रकमेच्या दाव्याला बारा वर्षं मिळतात. सरफेसी कायद्याखालची, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याची कारवाईसुद्धा मुदतीतच करावी लागते, असं त्याचं कलम ३६ सांगतं. ठेव तारण असेल तर बँकेला कोर्टात जावंच लागत नाही. मुदतबाह्य कर्जासाठीही तारण ठेवलेली ठेव वळती करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात म्हटलं आहे. सोन्यावरच्या कर्जात वाजवी नोटीस देऊन दागिने विकण्याचा हक्क सावकाराकडे राहतो.

तिसरा अपवाद झालेल्या हुकूमनाम्याचा, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाचा. तुमच्या गैरहजेरीत कधीतरी एकतर्फी निकाल लागलेला असेल, तर त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत होऊ शकते. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर, तुम्ही राहत होता त्या जिल्ह्यात, स्वतःच्या नावाने एकदा शोधून पाहा. एकतर्फी हुकूमनामा सापडला आणि समन्स कधीच मिळालं नव्हतं, तर तो रद्द करण्याच्या अर्जासाठी माहिती झाल्यापासून तीसच दिवस असतात.

वैयक्तिक जामीनदाराचं घड्याळ कर्जदाराच्या घड्याळापेक्षा वेगळं चालू शकतं. हमीपत्रात 'मागणी केल्यावर' असं असेल, तर मागणीच्या तारखेपासून मुदत मोजली जाऊ शकते. हमीपत्राची नक्कल मिळवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

वसुली जमीन महसुलाप्रमाणे करू, तलाठी येईल, अशी धमकी काही महामंडळांच्या जुन्या कर्जांत मिळते. सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या कल्याणीकुट्टी प्रकरणात १९९९ मध्ये सांगितलं आहे की मुदतबाह्य कर्ज असल्या मागच्या दाराने वसूल करता येत नाही. मात्र २०२४ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला.

विजेच्या बिलाचं गणित आणखी निराळं. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६(२) प्रमाणे रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर तिची वसुली होत नाही, अपवाद फक्त ती प्रत्येक बिलात थकबाकी म्हणून सलग दाखवलेली असेल तर. जुनं घर विकत घेतल्यावर आधीच्या मालकाची थकबाकी समोर आली, तर आधी जुनी बिलं मागवून ही साखळी तुटली आहे का ते पाहा.

लोकअदालतीचा कागद आणि कोर्टाचं समन्स

हे दोन्ही कागद दिसायला सारखेच सरकारी, पण परिणाम अगदी वेगळे. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी बँका आणि मोबाइल कंपन्या 'दावापूर्व प्रकरण' म्हणून नोटिसा काढतात. विधी सेवा प्राधिकरणाचा शिक्का बघून लोक धसका घेतात. तिथे दावा लागलेला नसतो, गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध निकाल लागत नाही. मात्र तिथे जाऊन तडजोडीवर सही केलीत, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. मुदतबाह्य कर्जाला कायद्याचं बळ मिळवून देण्याचा याहून स्वस्त रस्ता बँकेला दुसरा नाही. तेव्हा रक्कम खरोखर परवडत असेल आणि प्रकरण मिटवायचंच असेल, तरच सही करा.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र हजर राहायलाच हवं. मुदत कायद्याच्या कलम ३ मुळे न्यायाधीश स्वतःहून दावा फेटाळतील हे पुस्तकात बरोबर आहे. पण बँकेने एखादं कबुलीपत्र जोडून मुदत दाखवली आणि ते खोटं आहे सांगायला तुम्ही हजरच नसलात, तर निकाल तुमच्याविरुद्ध जाईल. साध्या दाव्यात लेखी कैफियतीला तीस दिवस, फार तर नव्वद. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा समरी (झटपट चालणारा) दावा असेल तर दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: वादपत्रात (बँकेने कोर्टात दिलेल्या दाव्याच्या अर्जात) मुदत कशी दाखवली आहे? दावा मुदतीबाहेर दिसत असेल, तर सवलत कशाच्या आधारे मागतोय हे वादीने वादपत्रातच लिहायचं असतं. ते नसेल तर ऑर्डर ७ नियम ११ खाली वादपत्रच नामंजूर करून घेण्याचा अर्ज करता येतो.

लवादाची नोटीस ही तिसरी जात. फायनान्स कंपन्या ती सर्रास पाठवतात, बऱ्याचदा दूरच्या शहरातून. तिथेही मुदत कायदा लागू आहे, आणि एकाच बाजूने नेमलेला लवाद सर्वोच्च न्यायालयाला २०१९ पासून मान्य नाही. दोन्ही हरकती लेखी पाठवा. गप्प बसलात तर निवाडा होईल, आणि त्याला आव्हान देण्यासाठी तीन महिनेच मिळतात.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

वसुलीवाल्यांचा जाच

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्समध्ये ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आहे. सतत फोन करणं, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास देणं, खोटी माहिती देणं, हे सगळं मना आहे, मग कर्ज काल थकलेलं असो की २०११ मध्ये. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते.

'वॉरंट निघालंय, उद्या पोलीस येतील' हे जवळपास नेहमीच थापेबाजीचं वाक्य. हप्ते थकणं हा दिवाणी मामला आहे.

कॉलची नोंद, रेकॉर्डिंग, मेसेजचे स्क्रीनशॉट तारीखवार ठेवा. आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करा. तिला शुल्क लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. घरात घुसणं किंवा धमकी असेल तर पोलीस ठाणं. कर्जाच्या बनावट ॲपचा प्रकार असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०.

वारलेल्या वडिलांच्या कार्डासाठी मुलाला फोन येतात, हाही नेहमीचा प्रकार. वारसाकडे आलेल्या संपत्तीच्या मर्यादेतच मृताचं देणं वसूल होऊ शकतं, वारसाच्या पगारातून नाही. 'मी भरीन' असं मुलाने लिहून दिलं की ते त्याचं स्वतःचं झंझट होतं.

आणि तरीही फेडायचं असेल तर

कर्ज घेतलं होतं, आता हातात पैसा आहे, नवं गृहकर्ज काढायचं आहे म्हणून ते मिटवावं, असं वाटणं रास्त आहे. मुदत संपलेली असणं हा तेव्हा घासाघीस करण्याचा तुमचा मुख्य आधार. व्याज-दंड सोडून मुद्दलावर, किंवा त्याहून खाली, बोलणी सुरू करा. अर्ज तुम्ही लिहून देऊ नका. प्रस्ताव त्यांच्याकडून, त्यांच्या लेटरहेडवर मागवा. त्यात कर्ज खाते क्रमांक, एकरकमी आकडा, भरण्याची शेवटची तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेत. हप्त्यांची तडजोड टाळा, एखादा हप्ता चुकला की मूळ रक्कम पुन्हा डोक्यावर बसते. पैसे थेट कर्ज खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही.

भरल्यावर नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या आणि क्रेडिट रिपोर्ट तपासा. कमी रकमेत मिटवलं तर नोंद 'सेटल्ड' राहते आणि पुढचा सावकार ती बघतो. 'क्लोज्ड' हवं असेल तर त्याची किंमत आधीच विचारा. सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते हेही खरं नाही, सात वर्षं हा माहिती जपण्याचा किमान काळ आहे. नोंद चुकीची राहिली तर क्रेडिट माहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत ती सोडवली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ती मागणी तक्रारीतच लिहून ठेवा.